इनास मास्तरांची शुक्रवारची यादी

शुक्रवारी दुपारी बाराच्या सुमाराला माझ्या फोनवर इनास मास्तरांचा आवाज येऊन आदळतो. हाय नाही, हॅलो नाही. "गो बाय, ऐक. पयल्या नंबरावर जे हाय ना, ते गाणं न्हाय, जाहिरात हाय. मागल्या आठवड्यातलं तिसरं आज सातव्यावर गेलं, बरं झालं, त्याची लायकीच ती. अकराव्यावर एक नवं आलंय, ते ऐक. पुढल्या शुक्रवारी पयल्या तिनात नसलं तर माझं नाव बदल. ठेवतो." चाळीस सेकंदांचा मेसेज. 'स' आला की कवळीतून बारीक शीळ निघते. मी काउंटरवर कुणाची तरी फाईल शोधत असते, समोर गालाला हात लावून दोन जण बसलेले असतात, तरी मी तो मेसेज तिथल्या तिथे ऐकते. शनिवारी ऐकला तर शिळा होतो, असं खुद्द मास्तरांचं म्हणणं आहे.

मी बेव्हर्ली पार्कातल्या एका दातांच्या दवाखान्यात पंधरा वर्षं काम करतेय. अपॉइंटमेंट द्यायच्या, फायली काढायच्या, लेट आलेल्यांवर ओरडायचं आणि लवकर आलेल्यांवरही ओरडायचं. दात दुखायला लागला की भल्याभल्यांचा तोरा उतरतो, हे मी रोज बघते. पण पंधरा वर्षांत वेटिंगमधल्या खुर्चीवर बसायलाच तयार नसलेला पेशंट एकच पाहिला.

तीन वर्षांपूर्वी ते पहिल्यांदा आले तेव्हा शर्टाच्या बाहीवर लाकडाचा भुसा होता आणि कानामागे पेन्सिल. उत्तनच्या बाजूला तारोडी आहे ना, तिथून बस पकडून, मग शेअर रिक्षा करून आले होते. साठीच्या पुढचे, काटकुळे, आणि सारखे हलणारे. मी म्हटलं, बसा अंकल. ते बसले नाहीत. पाण्याच्या कूलरचं बटण दाबून बघितलं, मासिकांची चवड सरळ केली, भिंतीवरचं कॅलेंडर एक पान पुढे करून परत मागे केलं. माझ्या टेबलावर मोबाईलवर गाणं चालू होतं. माझ्या बाबांच्या आवडीचं, संथ, जुनं. मास्तर माझ्यासमोर येऊन थांबले आणि हळू आवाजात म्हणाले, "कोण वारलं काय?"

"काय?"

"न्हाय, गाणं तसं लावलंय म्हणून इचारलं."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "अंकल, ह्याला गाणं म्हणतात. आजकालच्या त्या धांगडधिंग्याला नाही."

"किती वर्सांचं हाय?"

"असेल चाळीस."

"चाळीस वर्सं लोकांनी ऐकलं ना? झालं की मग. झोपू दे त्याला."

एवढं बोलून त्यांनी खिशातून स्वतःचा मोबाईल काढला, माझ्या स्टेपलरला टेकवून उभा केला आणि मोबाईलवर दर शुक्रवारी सगळ्यात चालणाऱ्या पन्नास गाण्यांची जी यादी येते, तिच्यातलं त्या आठवड्यातलं पहिल्या नंबरचं गाणं लावलं. मी 'अहो, अहो' करेपर्यंत ते चालायला लागले होते. कूलरपासून चपलांच्या रॅकपर्यंत अकरा पावलं, गर्रकन वळायचं, परत अकरा पावलं. हात पाठीमागे, नजर जमिनीवर. आणि जागा एवढी मोकळी असून चालायचे कसे, तर उजव्या भिंतीला अगदी घासून. रॅकला धक्का लागला आणि तीन चपला खाली पडल्या. मी म्हटलं, मधून चाला ना हो. त्यांनी ऐकलं नाही. चाळीसेक सेकंदांनी गाणं बंद करून म्हणाले, "न्हाय. पाय उचलत न्हाय." दुसरं लावलं.

हाच त्यांचा हिशोब होता. गाणं चांगलं की वाईट हे ते कानानं ठरवायचेच नाहीत. त्यावर पाय उचलतो का, एवढंच बघायचे. कारण मास्तर पोटापाण्यासाठी सुतार, होड्यांची कामं करणारे, आणि जिवासाठी बॅण्डमास्तर. ट्रम्पेट वाजवायचे. तिकडच्या ख्रिस्ती लग्नांत आदल्या दिवशी विहिरीवरून पाणी आणतात, उंबराचं पाणी म्हणतात त्याला. बाया मडकी घेऊन निघतात, पुढे बॅण्ड. त्या पाण्यानं नवरीला आंघोळ घालतात. घरापासून विहिरीपर्यंत आणि परत, सगळं गाव बॅण्डच्या मागे चालतं. आणि मास्तरांचा कायदा असा, की पाण्याला जाताना त्या आठवड्यात जे गाणं यादीत पहिलं असेल तेच वाजवायचं.

"पाणी ताजं, तर वाजप शिळं कसं चालंल?" हे ते इतक्या वेळा म्हणायचे की मलाही पाठ झालं.

त्यांच्या बापाच्या लग्नात जे वाजलं ते त्या महिन्यातलं नवं गाणं होतं. त्यांच्या स्वतःच्या लग्नात वाजलं तेही तेव्हा नवंच. मग नव्यावर लोक नाकं का मुरडतात, हे त्यांना कळायचं नाही. यादी शुक्रवारी बदलायची, म्हणून त्यांची अपॉइंटमेंट शुक्रवारचीच. सोमवारी देते म्हटलं तर म्हणायचे, "सोमवारी मी काय बोलू तुझ्याशी?" जसं काही माझ्याशी बोलायलाच येत होते, दात दाखवायला नाही.

मतं तर विचारू नका. मोबाईलमध्ये ती पन्नास गाण्यांची यादी उघडी आणि एकेकाची हजेरी घेणं चालू. गाणी आता दोन-अडीच मिनिटांतच संपतात म्हणून मी एकदा कुरकुर केली, तर म्हणाले, "पाव्हणा कसा असावा? आला, जेवला, गेला. तुझं ते सहा मिनिटांचं गाणं म्हणजे जावयानं मुक्काम ठोकला." मशीनमधून गुळगुळीत करून काढलेल्या आवाजांना ते 'रंधा मारलेला आवाज' म्हणायचे. "रंधा मारावा, मी पण मारतो. पण एवढा मारू नये का फळीच उरत न्हाय." कोरियन पोरांची गाणी त्यांना आवडायची. शब्द कळत नाहीत हेच बरं, म्हणायचे, पोरगा पोरीला काय सांगतो यात मना काय इंटरेस्ट, तो श्वास कुठं घेतो तेवढं मी बघतो. पंजाबी गाण्यांना पायाचे मार्क पूर्ण, पण "पाच गाणी ऐकली का एकच ऐकल्यासारखं वाटतं" म्हणून एक मार्क कापायचे. जुनं गाणं नव्या ढोलावर बसवून परत यादीत आलं की मात्र त्यांचा पारा चढायचा. होडीचा दाखला द्यायचे, रंग नवा मारला तरी पाणी शिरायचं ते शिरतंच.

आणि सगळ्यात राग कुणावर, तर कुजबुजत गाणाऱ्यांवर. "ही गात न्हाय गो, कानात सांगते. माझ्या कानात कशाला सांगते? मी तिचा कोण?" अशा गाण्यांना ते 'बसकी गाणी' म्हणायचे.

पण माणूस खरा होता. एका गायिकेला त्यांनी तीन महिने धुतलं होतं. एका शुक्रवारी दार ढकलून आत आले आणि चपला काढायच्या आधीच मोठ्यानं म्हणाले, "मी चुकलो. ती चांगली हाय." वेटिंगमध्ये चार माणसं होती, त्यातल्या एका मावशींना वाटलं ते दवाखान्याच्या डॉक्टरणीबद्दलच बोलतायत. मावशींची भीतीच पळाली, एवढ्या खूश झाल्या की विचारू नका. मास्तरांनी त्यांनाही तिचं गाणं ऐकवलं.

दवाखान्याच्या डॉक्टर म्हणजे जिग्ना मॅडम. वयानं माझ्याहून लहान, हाताला हलक्या, बोलायला कडक. त्यांनी पहिल्याच दिवशी मास्तरांचं तोंड बघितलं आणि मान हलवली. पायोरिया. वरचे पुढचे दोन दात हलत होते, हिरडी मागे सरलेली.

"अंकल, ये दो निकालने पड़ेंगे."

"कधी?"

"आज ही निकाल देते हैं."

"डेढ़ साल बाद. जनवरी के बाद," मास्तर म्हणाले आणि खुर्चीवरून उठले. तोंडात कापूस होता, गळ्यात तो हिरवा कपडा, तसेच बाहेर माझ्या टेबलापाशी आले आणि कूलर ते रॅक चालायला लागले. मॅडम दारात येऊन बघत राहिल्या.

तेव्हा मला कळलं प्रकरण काय आहे ते. ट्रम्पेटचं तोंड ओठांवर दाबतात आणि ओठ टेकतात ते पुढच्या दातांवर. दात गेले की ओठ आत पडतो आणि नुसती हवा जाते. कवळीवर वाजवता येतं म्हणे, पण सगळं पहिल्यापासून शिकावं लागतं, आणि या वयात कुठं ते. मास्तरांना एकुलती एक मुलगी, एलिझा. बाहेरदेशी नर्स होती, तिचं लग्न ठरलं होतं दीड वर्षानं, जानेवारीत, लेंटचे उपास सुरू व्हायच्या आधी. मुलीच्या पाण्याला बापानं ट्रम्पेट वाजवायचा, त्या आठवड्यातलं पहिलं गाणं. बस, एवढंच त्यांना हवं होतं. तोवर दोन दात तोंडात राहायला हवे होते. त्यानंतर सगळे काढा म्हणाले, अक्कलदाढेसकट.

मॅडमनी खूप समजावलं. शेवटी हात जोडले आणि दातांना मागून बारीक तार बांधून दिली, दर महिन्याला सफाईला यायच्या अटीवर. वाजवायचं कमी, म्हणाल्या. मास्तर 'हो हो' म्हणाले. माझ्याकडे बघून डोळा मारला.

असे ते दीड वर्ष येत राहिले. महिन्यातून एक शुक्रवार सफाईचा आणि उरलेले तीन उगाचच. त्या दीड वर्षात त्यांनी आमच्या रॅकचा डुगडुगणारा पाय बसवून दिला, दाराची कडी बदलली, माझ्या ड्रॉवरला साबण घासून तो गुळगुळीत केला. बाहेर बसले एकदाही नाहीत. आमचं भांडण मात्र ठरलेलं. मला नवी गाणी आवडायची नाहीत. म्हणजे मी ऐकतच नव्हते, न ऐकताच आवडायची नाहीत.

एकदा मी फार चिडले. सकाळपासून तीन पेशंटनी डोकं खाल्लं होतं. मी म्हटलं, "मास्तर, तुम्हाला काय कळणार जुन्याची किंमत? माझे बाबा नांदेडहून इकडे आले तेव्हा घरात भांडी चार होती आणि कॅसेटी चाळीस. जयंतीच्या मिरवणुकीची सगळी गाणी त्यांच्याकडे होती. अजून मी जपून ठेवलीत. टेप बिघडला, पण कॅसेटी फेकल्या नाहीत."

मास्तर चालायचे थांबले नाहीत. चालता चालता म्हणाले, "तुझा बाप त्या कॅसेटी कवा इकत घ्यायचा?"

"कधी म्हणजे? दरवर्षी एप्रिलमध्ये. जयंतीच्या आधी नवी कॅसेट यायची. पहिल्या दिवशी आणायचे. दुकान उघडायच्या आधी जाऊन उभे राहायचे."

"नवी?"

"नवीच ना."

"मागल्या वर्सीची लावली मिरवणुकीत तर?"

मला आठवलं, एका वर्षी मंडळानं स्पीकरवर मागच्या वर्षीची कॅसेट लावली तर बाबा हातातला झेंडा दुसऱ्याकडे देऊन स्वतः घरी पळत आले होते नवी न्यायला. पायात चप्पल नव्हती. मी आठ-नऊ वर्षांची असेन, मीही मागे पळाले होते.

"बघ," मास्तर म्हणाले. "तुझा बाप माझ्या पार्टीतला."

मला रडू आलं. मी फायलीत तोंड घातलं. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी भाजी चिरताना मी पहिल्यांदा ती शुक्रवारची यादी लावली. पन्नासपैकी सत्तेचाळीस गाणी मला आवडली नाहीत. तीन आवडली. त्या तिनाची नावं मी मास्तरांना सांगितली तर त्यांनी दोन नापास केली.

डिसेंबरमध्ये घोळ झाला. लग्नाला महिना राहिला होता आणि मास्तर दोन शुक्रवार आले नाहीत. मी फोन केला तर म्हणाले, काम हाय. तिसऱ्या शुक्रवारी आले ते वरचा ओठ सुजून. मला वाटलं कुठे पडले. मॅडमनी आत नेलं, दिवा लावला, आणि आतून त्यांचा असा आवाज आला की मी पळत गेले.

"अंकल! ये क्या किया आपने? ये क्या चीज़ है?"

झालं होतं असं, की तार सैल झाली होती. दवाखान्यात आलो तर मॅडम दात काढूनच टाकतील, ही भीती. म्हणून मास्तरांनी घरीच, होडी दुरुस्त करायच्या शेडमध्ये, आरशासमोर उभं राहून, जाळं विणायच्या नायलॉन दोऱ्यानं चार दात एकत्र बांधले होते. आणि वरून होडीची चीर बुजवायला जो डिंकासारखा फायबरचा माल लावतात, तो लावला होता. त्यावर पॉलिश पेपरही मारला होता. बोलायची सोय नाही, फिनिशिंग एकदम नंबर एक.

"पाणी शिरत न्हाय त्यातून," मास्तर सुजलेल्या ओठातून म्हणाले. "गॅरंटी हाय."

"ये मुँह है, नाव नहीं है!" मॅडम ओरडल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, रागानं की हसू दाबून, मला अजून माहीत नाही.

दोन तास लागले तो माल काढायला. हिरडीत पू झाला होता. मॅडमनी औषधं दिली, नवी तार बांधली आणि स्पष्ट सांगितलं, लग्नापर्यंत ट्रम्पेटला हात लावायचा नाही. त्या दिवशी वाजवा, दात राहिला तर तुमचं नशीब. मास्तर बाहेर आले. चालले नाहीत, काउंटरला हात टेकून उभे राहिले, तेही पाय हलवत. म्हणाले, "बाय, तीन आठवडे वाजवायचं न्हाय. मग ते गाणं मी बसवणार कवा?"

मी म्हटलं, "डोक्यात बसवा. चालून बसवा. इथं या आणि चाला."

आले. लग्नाच्या आधीचा शुक्रवार, आणि सोबत एलिझा. दोनच दिवसांपूर्वी घरी आलेली, अंगानं बापासारखीच काटकुळी, पण बसणारी. ती माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली. मास्तरांनी मोबाईल स्टेपलरला टेकवला. बाराला यादी बदलली. आम्ही तिघंही वाकून बघत होतो, दहावीचा निकाल लागल्यासारखे.

पहिल्या नंबरावर एक बसकं गाणं होतं.

एक पोरगी होती, कुजबुजत होती. मित्रानं मेसेज वाचला आणि उत्तर दिलं नाही, एवढीच तिची तक्रार. ढोल नाही, ताशा नाही. मागे कुठेतरी नळ गळत असल्यासारखं टप, टप. मास्तरांनी पूर्ण ऐकलं. पहिल्यांदाच त्यांनी कुठलं गाणं पूर्ण ऐकलेलं मी बघितलं. मग ते चालायला लागले. कूलर, रॅक, कूलर, रॅक. पाय उचलेना. परत लावलं. परत चालले, तसेच भिंतीला घासून. पेशंट येत होते, त्यांना वाट देत होते आणि परत चालत होते. मी मोजलं, वीस फेऱ्या झाल्या.

एलिझा म्हणाली, "डॅडी, राहू द्या ना. मी कितीदा सांगतेय, तुमच्या लग्नातलं वाजवा. पास्कूदादाला पण क्लॅरिनेटवर येतं ते. मला तेच पाहिजे. सगळ्यांना तेच आवडतं."

"न्हाय."

"मम्मीचं गाणं आहे ते."

"म्हणूनच न्हाय!" मास्तर एवढ्या जोरात ओरडले की आत मॅडमचं मशीन बंद झालं. मग आवाज खाली आणून, चालता चालताच म्हणाले, "त्या गाण्यावर मी आन् तुझी आई चाललो. ते आमचं झालं. तू तुझ्या गाण्यावर चाल. आन् ऐक, ते वाजलं का माझे पाय थांबतात. बॅण्डमास्तर थांबला तर मागचा गाव थांबतो."

ते पाणी प्यायला कूलरकडे वळले तेव्हा एलिझा माझ्याकडे झुकून हळूच म्हणाली, "मम्मीला जाऊन चार वर्षं झाली. ती प्रत्येक लग्नात डॅडींच्या डाव्या बाजूला चालायची. बॅण्डमध्ये काही न वाजवणारी एकटीच. लोक हसायचे, तिला काही नाही वाटायचं." आणि मग बापाकडे बघत म्हणाली, "घरात पण असेच चालतात. एक बाजू सोडून."

मी रॅककडे बघितलं. दीड वर्ष मी त्या माणसाला म्हणत होते, मधून चाला, मधून चाला.

लग्नाच्या आदल्या दिवशी मॅडमनी दवाखाना दुपारीच बंद केला आणि आम्ही दोघी तारोडीला गेलो. मांडवात फुग्यांचा, म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोळ्यांचा वास, पोरांची धावपळ, लाल लुगडी नेसलेल्या बाया मडकी घेऊन तयार. मास्तर काळ्या कोटात, एका जागी दोन सेकंद नाहीत. याचा पट्टा नीट कर, त्याच्या ढोलाची दोरी आवळ. पास्कू म्हणजे त्यांचा पुतण्या, क्लॅरिनेट वाजवायचा. त्याला चार वेळा दरडावताना मी ऐकलं, "मी वाजवीन तेच. दुसरं काय काढलंस तर लग्नातून हाकलीन." मॅडमनी त्यांचं तोंड बघितलं आणि तारेला बोट लावलं.

चार वाजता निघाले. मास्तरांनी ट्रम्पेट तोंडाला लावला. मला वाटलं, आता ते कुजबुजणं ऐकू येणार आणि सगळा गाव एकमेकांकडे बघणार. पण कसलं काय! त्यांनी त्या पोरीची सगळी कुजबुज उचलून दुप्पट वेगानं वाजवली. जिथं ती थांबून उसासा टाकायची, तिथं ढोल. जिथं तो नळ गळायचा, तिथं सगळ्यांच्या टाळ्या. तेच तीन सूर, तीच तक्रार, पण आता ती कानात सांगत नव्हती, सगळ्या गावासमोर त्या पोराला जाब विचारत होती. लहान पोरांनी गाणं ओळखलं आणि किंचाळायलाच लागली. बाया मडकी सांभाळत नाचत होत्या. एलिझा तोंडावर हात ठेवून हसत होती, रडत होती. माझा पाय उचलला. खरं सांगते, मला कळायच्या आधी उचलला. बाबा असते तर अनवाणी पळाले असते. मॅडमनी पर्स माझ्याकडे दिली आणि त्या पुढे बायांत घुसल्या.

विहिरीपर्यंत एकदाही सूर फाटला नाही. पाणी भरलं. भरलेली मडकी कमरेवर घेऊन बाया वळल्या. मास्तरांनी परत ट्रम्पेट उचलला, पहिला सूर लावला आणि नुसती हवा आली. परत लावला. हवा. त्यांनी तोंडात बोट घातलं, तळहातावर काहीतरी घेतलं, बघितलं आणि कोटाच्या खिशात टाकलं. ओठाला रक्त होतं. त्यांनी मागे हात करून खूण केली, वाजवा, वाजवा, थांबू नका.

पण ते नवं गाणं मास्तरांशिवाय कुणाला पूर्ण येत नव्हतं. बाकीच्यांना नुसती साथ येत होती. ढोल दोन घावांत चुकला, थांबला. बाया भरल्या मडक्यांनी उभ्या राहिल्या. ते पाणी वाटेत खाली ठेवायचं नसतं. पास्कू घाबरला, त्यानं मास्तरांकडे बघितलं, एलिझाकडे बघितलं, आणि त्याला जे एक गाणं झोपेतही आलं असतं ते वाजवायला घेतलं.

ते जुनं होतं. मला माहीत नव्हतं कुठलं, पण एलिझाचा चेहरा बघितला आणि कळलं. म्हाताऱ्या बाया लगेच गुणगुणायला लागल्या आणि सगळे हळूहळू चालायला लागले. फक्त मास्तर उभे राहिले.

दीड वर्षात मी त्यांना असं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. पाय हलत नव्हते, बोटं हलत नव्हती. मला वाटलं आता ओरडतील, पास्कूला हाकलतील. ते नुसते उभे. गाव त्यांच्या दोन्ही बाजूंनी पुढे गेलं, एलिझा मागे वळून वळून बघत गेली. मी जवळ जाणार होते, मॅडमनी माझा दंड धरला.

त्या दिवसानंतर मास्तर दवाखान्यात आले नाहीत. उरलेला दात काढून कवळी त्यांनी भाईंदरला दुसरीकडे बसवली. मॅडम अजून त्यावरून चिडतात. मला वाटतं, मी त्यांना थांबलेलं बघितलं याची त्यांना लाज वाटत असावी. मेसेजमध्ये ते त्या दिवसाचं नाव काढत नाहीत, मीही काढत नाही. आम्ही यादीवर भांडतो.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते विहिरीच्या वाटेवरच. सगळे पुढे गेल्यावर त्यांनी ट्रम्पेट उजव्या काखेत घेतला, रुमालानं तोंड पुसलं आणि चालायला लागले. गाव बरंच पुढे गेलं होतं, रस्ता पूर्ण मोकळा होता. मास्तर उजव्या कुंपणाला घासून, त्या जुन्या गाण्यावर, सावकाश पाय उचलत चालले होते. डावीकडे एका माणसापुरती जागा सोडून.